भोवत्या, नाकतोडे आणि गवत: माळावरच्या हिवाळी नोंदी

27 ऑक्टोबर

ठरलं एकदाचं. भीमा आणि नीरा यांच्या मधल्या कोरड्या पट्ट्यातला एक माळ धरायचा, त्यावर एकच ठरलेली वाट चालायची आणि मार्चच्या तोंडापर्यंत जे दिसेल ते लिहीत जायचं. जागेचं नाव नोंदीत कुठंच येणार नाहीये, लांडगा आणि चिंकारा असलेल्या माळाचं लोकेशन एकदा का फोनाफोनी फिरलं की रविवारी गाड्यांची रांग लागते.

वाट साधारण तीन किलोमीटरची. आधी बैलगाडीचा जुना रस्ता, मग उभ्या गवताचा सलग मोठा तुकडा, मग ओढ्याचा काठ आणि शेवटी चर खोदून ग्लिरिसिडिया लावलेला भाग. एकदा या टोकाकडून, पुढच्या वेळी त्या टोकाकडून, म्हणजे उन्हाचा हिशोब सगळ्या तुकड्यांना सारखा लागेल. वाट मुद्दाम अशी निवडलीये कारण मला एकच गोष्ट बघायचीये, हिवाळ्यात या वाळक्या माळावर जे एवढं सगळं येतं ते नेमकं कशासाठी येतं. जातींची यादी लांबवण्यात आता फार रस उरलेला नाही, कोण कुठल्या तुकड्यात काय खातंय हे हवंय.

शीटमधले कॉलम: वेळ, तुकडा, प्राणी किंवा खूण, काय चाललं होतं, गवताची उंची (घोटा, पोटरी, गुडघा) आणि शेवटी नाकतोडे. प्रत्येक तुकड्यात वीस पावलं सरळ चालायचं आणि पायापुढून उडालेले नाकतोडे मोजायचे, बस. जाळं फिरवून मोजायची रीतसर पद्धत असते ती वेगळी, पण दर वेळी त्याच माणसाने त्याच पद्धतीने मोजलं तर एका तुकड्याची दुसऱ्याशी तुलना करायला एवढं पुरतं.

आज नुसता वाटेवरून फिरून आलो. गवत गुडघ्याच्या वर, पवन्या आणि कुसळी मिसळलेली, नाकतोडे एवढे की मोजताना दोनदा थांबून परत सुरुवात करावी लागली.

5 नोव्हेंबर

आजपासून पक्षी सप्ताह. 5 नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि 12 नोव्हेंबर सलीम अलींचा, त्यामुळे 2020 पासून राज्यात हा आठवडा साजरा होतो. चांगला मुहूर्त म्हणायचा, कारण गवताच्या तुकड्यात शिरायच्या आधीच माँटेग्यूचा नर भोवत्या (गवतावरचा शिकारी पक्षी, इंग्रजीत हॅरियर) दिसला. करडा रंग, वरून बघितला तर पंखावर एक काळी आडवी रेघ, आणि ती उडायची तऱ्हा, पंख इंग्रजी व्ही सारखे वर धरून गवताच्या शेंड्यांवरून एवढा खालून जातो की आता टेकला की काय असं वाटतं. एका पट्ट्यात सरळ जातो, वळतो, शेजारच्या पट्ट्यात परत येतो. भोवत्याचा चेहरा घुबडासारखा जरा चपटा असतो आणि गवताच्या आतली खसफस तो ऐकून पण पकडतो, म्हणून ही एवढी खालून उडायची मेहनत.

दोनदा गवतात पडला आणि दोन्हीदा लगेच उठला. पायात काय होतं ते दुर्बिणीतून कळलं नाही, पण उठल्यावर उडता उडताच पाय चोचीकडे नेऊन खात होता. म्हणजे बारकंसं काहीतरी. उंदीर असता तर खाली बसून खाल्ला असता.

मोजे आणि पँट कुसळांनी भरले. वैताग येतो पण एक कुसळ तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघाच. खाली अणकुचीदार बी, त्यावर मागे वळलेले बारीक केस, आणि वर गुडघ्यात वाकल्यासारखी लांब शेपटी जी सुकलेली असताना पीळ घातलेली असते. थेंब पडला की पीळ सुटायला लागतो आणि शेपटीचा वाकलेला भाग हळूहळू गोल फिरतो, अगदी डोळ्यांदेखत. रात्री दव पडलं की असाच सुटतो, दुपारी ऊन लागलं की परत आवळतो, शेपटी गवतात अडकलेली असली की फिरतं ते बी आणि असं करत करत ते मातीत शिरतं. मागचे केस त्याला परत वर येऊ देत नाहीत. आणि म्हणूनच मोज्यातून ते उलटं ओढून निघत नाही, आरपार पुढेच काढावं लागतं.

14 नोव्हेंबर

थंडी सुरू. सूर्य उगवायच्या आधी पोचलो तर सगळ्या गवतात कोळ्यांच्या जाळ्या, एरवी दिसत पण नाहीत, दवाने पांढऱ्या झाल्यावर कळतं किती आहेत ते. जमिनीलगत पसरलेली आडवी चादर आणि एका कोपऱ्यात आत जाणारं भोक, त्या भोकाच्या तोंडाशी कोळी बसलेला. पावलाचा हादरा बसला की आत गायब. एका जाळीवर बारका नाकतोडा अडकलेला होता आणि कोळ्याने बाहेर यायचे कष्ट अजून घेतलेले नव्हते.

थंडीत नाकतोडे अंगात त्राण नसल्यासारखे असतात. गवताच्या काडीला उभे चिकटलेले, हाताने उचलले तरी उडी मारत नाहीत, त्यांना अंग तापवायला ऊन लागतं. त्यामुळे वीस पावलांची मोजणी आता उन्हं आल्यावरच करायची असं ठरवून टाकलं, नाहीतर आकडा फसवा येणार. साडेआठनंतर एकदम सगळं चालू झालं. कोतवाल, वेडे राघू, हिवराच्या टोकावर नीलपंख, आणि गवताच्या उंच काड्यांवर गप्पीदास. गप्पीदास काडीवरून खाली उतरतो, काहीतरी उचलतो, परत त्याच काडीवर. शेपटी सारखी झटकत असतो.

आजची सगळ्यात भारी नोंद बाभळीची. काट्याला एक आख्खा नाकतोडा टोचलेला, डोकं गायब, बाकी शाबूत, मागचे पाय लोंबतायत. खाटीक पक्ष्याचं काम. पाच फुटांवर अजून एक, तो पूर्ण वाळलेला. खाटीक शिकार काट्यात अडकवून मग फाडतो, त्याच्या पायात ससाण्यासारखा जोर नसतो, काटा त्याचा तिसरा हात. (कोणी दुसरा शब्द सुचवला तर बदलेन, मला एवढाच सुचला.) नकल्या खाटीक शेजारच्याच झाडावर होता पण टोचताना काही बघायला मिळाला नाही, तासभर बसलो तरी.

23 नोव्हेंबर

भोवत्या वाढले. आणि ओळखायचा ताप पण वाढला. नर सोपे आहेत, माँटेग्यूच्या पंखावर काळी रेघ, दुसरी जात पॅलिड, तिचा नर जवळपास पांढराच आणि पंखाच्या टोकाला काळी पाचर. माद्या आणि पहिल्या वर्षाची पिल्लं मात्र सगळी तपकिरी, बुडाला पांढरा पट्टा आणि शेपटीवर आडवे पट्टे, म्हणून पक्षीवाले दोघांनाही सरसकट रिंगटेल म्हणून मोकळे होतात. बारकाईने बघायला मिळालं तर मानेवर बघायचं, पॅलिडला गालाच्या मागून फिकट कॉलर असते आणि तिच्या मागे गडद पट्टा, माँटेग्यूला ती कॉलर जवळजवळ नसतेच. पण उडणाऱ्या पक्ष्याची मान दुर्बिणीत किती वेळ मिळते? मी शीटमध्ये "रिंगटेल" असाच वेगळा कॉलम केला. उगाच अंदाजाने नाव टाकून इ-बर्डवर (पक्षीनोंदींची वेबसाइट) चढवण्यापेक्षा "माँटेग्यू किंवा पॅलिड" असं टाकायची सोय तिथं आहे, ती वापरावी. पॅलिड हा जगभरात संकटाच्या जवळ गेलेला पक्षी, त्याच्या नोंदी ढिसाळ असून चालत नाही.

हे सगळे येतात मध्य आशियातून, कझाकस्तानच्या बाजूच्या गवताळ प्रदेशातून. तिथं बर्फ पडायला लागतं तेव्हा इथं पावसाळ्यातलं गवत पिकून उभं असतं आणि नाकतोडे पूर्ण वाढलेले असतात. एका गवतातून दुसऱ्या गवतात, असा प्रवास.

खरुची (छोटा ससाणा) पण दिसला आज, हवेत एका जागी थांबून पंख फडफडवत, मान जागच्या जागी स्थिर. तो बऱ्यापैकी वेळ ओढ्याकडच्या उतारावर होता. चराच्या भागात कोणीच नाही. दयाळ आणि बुलबुल आहेत तिथे, ते गावाशेजारी पण असतात.

1 डिसेंबर

ढगाळ. वारा. काही नाही. टिटव्यांनी पूर्ण वाटभर आरडाओरडा केला तेवढाच.

10 डिसेंबर

आज मान खाली घालून चाललो. बैलगाडीच्या रस्त्यावरची धूळ दवाने किंचित ओली असते, तिच्यावर ठसे असे उमटतात की नखं पण मोजता येतात. सगळ्यात ताजा माग लांडग्याचा, मी तरी तसाच लिहिलाय. कुत्र्याचा माग हुंगत हुंगत जातो, इकडे वळ, तिकडे थांब. हा एका रेघेत गेलेला, मागचा पाय बरोबर पुढच्या पायाच्या ठशावर, मधली दोन बोटं पुढे काढलेली आणि एकूण ठसा लांबट. जवळपास अर्धा किलोमीटर रस्ता न सोडता गेला आणि मग ओढ्यात उतरला.

पुढे मेंढरं बसवलेली होती. इकडचे धनगरांचे पुष्कळसे वाडे दिवाळीनंतर कोकणात उतरतात, हे कुटुंब यंदा इथंच राहिलंय. मी मागाचं बोललो तर मामा म्हणाले,

"दोन दिस झालं घुटमळतंय की. रातभर कुत्र्यांनी झोपू दिलं न्हाई. वाघरीभोवती दोन फेऱ्या मारल्या त्यानं."

"मामा, नेलं का काही?"

"परवा एक कोकरू नेलं. जाऊ दे, त्येचं बी प्वाट हाय. पर ही गावातली मोकाट कुत्री त्यापरीस वाईट बघा, ती खात न्हाईत नुस्ती फाडून टाकत्यात."

वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी. मामांनी कुत्र्यांबद्दल जे सांगितलं ते माझ्या ठशांशी जुळतंय, गावाकडच्या टोकाला कुत्र्यांचे माग दर वेळी आणि तेही टोळीने. दुसरा धोका अजून आतला आहे, पुण्याजवळच्या लांडग्यांमध्ये कुत्र्यांशी संकर झाल्याचा जनुकीय पुरावा 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे पुढे कधीतरी या धुळीतला माग नुसता बघून लांडगा म्हणणं अवघड होणार.

बाकी खुणा: चिंकाऱ्याच्या लेंड्यांचा ढीग, एकाच जागी, जुन्या नव्या एकावर एक. ती त्यांची ठरलेली जागा, हद्द दाखवायची. शेवटी चिंकारा स्वतः पण दिसला, दोन माद्या (माद्यांनाही शिंगं असतात, बारीक), शेपटी सारखी हलत होती. शिंकल्यासारखा आवाज काढला आणि गेल्या. चिंकारा दिवसच्या दिवस पाण्यावर न जाता राहू शकतो, पाल्यातला ओलावा आणि दव त्याला पुरतं, त्यामुळे डिसेंबरातली ही ओली सकाळ त्याच्या पण कामाची. ओढ्यात तरसाची विष्ठा, चुन्यासारखी पांढरी, हाडं खाऊन खाऊन तसा रंग येतो.

नाकतोडे अजून भरपूर, पण मोठे कमी, वारंवार तेच बारके.

21 डिसेंबर

आज चाललो नाही, बसलो. भोवत्यांचा रातथारा, म्हणजे रात्री झोपायची जागा, शोधायचा होता. हे पक्षी झाडावर झोपत नाहीत, उंच गवतात जमिनीवर उतरतात आणि तेही सगळे मिळून. गुजरातेत वेळावदरला शेकड्यांनी उतरतात, ते प्रसिद्धच आहे. इथं मला फक्त एवढं माहीत होतं की संध्याकाळी सगळे एकाच दिशेला जातात.

सूर्य मावळायच्या तासभर आधी एका खडकाला टेकून बसलो, बरंच लांब, कारण जवळ गेलं की ते जागा सोडतात आणि अंधारात नवीन जागा शोधत फिरतात. आधी एक आला, मग दोन, मग वेगवेगळ्या बाजूंनी. कोणी लगेच उतरत नाही. गवतावर गोल गोल फिरतात, एखादा उतरतो, परत उठतो, दुसऱ्याच्या अंगावर जातो, पाय खाली सोडून एकमेकांना दटावतात आणि मग उजेड अगदी संपता संपता एकदम सगळे खाली. उतरले की संपलं, गवताकडे बघून कोणाला सांगता येणार नाही की आत काही आहे. आकडा नक्की लावता आला नाही, दहा तरी होते. त्यांच्यातच शेवटी एक घुबड उठलं, आखूड कानांचं, हे पण थंडीचं पाहुणं आणि हे पण जमिनीवर गवतातच दिवस काढतं. भोवत्यांची पाळी संपली आणि त्याची सुरू झाली.

22 डिसेंबर

सकाळी मुद्दाम उशिरा, ते सगळे उठून गेल्यावर, रातथाऱ्याच्या कडेकडेने फिरलो. गवत दाबून केलेल्या ताटलीएवढ्या जागा, पांढरी शिट आणि पेलेट. पेलेट म्हणजे जे पचत नाही ते पक्षी गोळा करून तोंडावाटे टाकतो ते. अंगठ्याएवढे, हलके, हातात घेतलं तरी वास नाही.

घरी वर्तमानपत्रावर ठेवून सुईने उलगडले. आत केस आणि हाडं निघतील असं वाटत होतं, एकात निघाली पण, उंदराचा जबडा होता. एकात पिसं. बाकी जवळपास सगळे पेलेट म्हणजे नाकतोड्यांचा भुगा. तपकिरी चमकदार कवच, मागच्या पायांचे तुकडे ज्यावर ती तिरपी तिरपी नक्षी असते, आणि जबडे. नाकतोड्याचा जबडा काळा, टणक, आतल्या बाजूने दातेरी, तो पचतच नाही. जबड्यांच्या डाव्या उजव्या जोड्या लावल्या की त्या पेलेटात कमीत कमी किती नाकतोडे होते ते कळतं. पहिल्या पेलेटाच्या जोड्या लावायला अर्धी दुपार गेली. कझाकस्तानातून येऊन हा पक्षी या माळावर चार-पाच महिने मुख्यतः यावर जगतोय. मग गवत नसेल तर तो इथं का थांबेल? चराच्या भागात भोवत्या एकदाही का दिसला नाही त्याचं उत्तर वर्तमानपत्रावर पसरलेलं होतं.

4 जानेवारी

एका शेतकरी दादांच्या बांधावर, त्यांना विचारून, ट्रॅप कॅमेरा लावला (वनखात्याच्या जमिनीवर परवानगीशिवाय लावायचा नसतो). हा कॅमेरा हालचाल आणि उष्णता दोन्हीवर चालतो, जनावराचं अंग आणि मागची हवा यांच्या तापमानातला फरक त्याला लागतो, म्हणून थंडीच्या रात्री हा एकदम छान काम करतो आणि दुपारी तापलेलं गवत हललं तरी उगाच फोटो काढत बसतो. तोंड उत्तरेकडे केलं, पूर्वेला केलं की सकाळचं ऊन थेट आत. समोरचं गवत हाताने उपटून साफ केलं.

तीन रात्रींत मिळालेलं: ससा, ससा, मुंगूस, रानमांजर एकदा, रिकामं गवत खंडीभर, आणि खोकड, म्हणजे माळावरचा कोल्हा. खोकडांची जोडी! शेपटीचं टोक काळं, एकामागे एक चाललीयेत. हा त्यांचा जोडी जमायचा काळ, पिल्लं साधारण फेब्रुवारी-मार्चला होतात. बीळ पण कळलंय कुठं आहे ते, जरा उंचवट्यावर, तीन-चार तोंडं, पण ते शीटमध्येही लिहिलेलं नाही आणि इथेही लिहीत नाही.

दगडावर खोकडाची विष्ठा सापडली. काडीने मोडून बघितली तर बोराच्या आठळ्या आणि त्यांच्या मधे परत तेच, नाकतोड्यांचे पाय. आता मला हसायला येतं.

12 जानेवारी

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, 1987 पासून चालू आहे, त्यासाठी उजनीच्या बॅकवॉटरला जाऊन आलो. पट्टकदंब काठावरच्या हिरवळीत चरत होते, डोक्यावर दोन काळे पट्टे, हिमालय ओलांडून येणारे हेच. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या. रोहित (फ्लेमिंगो) अगदी थोडे, पाणी अजून वर आहे, काठचा चिखल उघडा पडल्याशिवाय ते खऱ्या अर्थाने जमत नाहीत. छान झालं सगळं. पण खरं सांगू का, पाण्यावर पक्षी समोर मांडून ठेवलेले असतात, माळावर शोधायला लागतात, मला ते जास्त आवडतं.

येताना ज्वारीवर भोरड्या (गुलाबी मैना). थव्याने उठल्या की आभाळ हलतं आणि कणसावर बसल्या की शेतकऱ्याचा जीव वरखाली होतो, माचावरून आरोळी आणि गोफण दोन्ही चालू होती. आणि याच भोरड्या त्यांच्या विणीच्या प्रदेशात नाकतोड्यांचा फडशा पाडतात, चीनच्या शिनजियांगमध्ये तर त्यांनी घरटी करावीत म्हणून मुद्दाम दगडांचे ढीग रचून देतात. इथे शिव्या, तिथे घरं.

20 जानेवारी

गवत कापायला सुरुवात झालीये. बैलगाडीच्या बाजूचा अर्धा तुकडा गेला, पेंढ्या बांधून पडल्यात. यात तक्रार काही नाही, चारा लागतोच, आणि कापलेल्या जागेवर लगेच वेगळी मंडळी उतरली: छोट्या बोटांचे चंडोल मोठ्या थव्याने, माळटिटवी, आणि धाविक! चार धाविक, डोळ्यावरून पांढरी पट्टी, पळायचं, एकदम थांबायचं, वाकून काहीतरी उचलायचं, परत पळायचं. त्यांना उघडी जमीनच लागते. म्हणजे माळ सगळा एकसारखा उंच ठेवा असं माझं म्हणणं नाहीच. काही कापलेलं, काही चारलेलं, काही उभं, असा पाहिजे.

कापलेल्यात वीस पावलांत नाकतोडे अगदी तुरळक. शेजारच्या उभ्या गवतात अजूनही बऱ्यापैकी.

28 जानेवारी

रात्री पलीकडच्या उताराला आग लागली. कोणी लावली माहीत नाही, पुढच्या पावसात गवत चांगलं फुटतं म्हणून लावतात, कधी विडी-काडीने लागते. जाळरेषा (आग अडवायला मोकळा ठेवलेला पट्टा) काढलेली होती त्यामुळे रातथाऱ्याचा तुकडा वाचला. सकाळी गेलो तर काळ्या जमिनीवर घारी, कोतवाल, नीलपंख सगळे जेवायला हजर, धगीतून पळालेले, भाजलेले किडे वेचत होते. दोन-तीन दिवस चालेल ही पंगत. मग तिथं पावसापर्यंत काही नाही. नाकतोड्यांची अंडी जमिनीच्या आत असतात, ती बहुधा वाचतात, पण आत्ता उडणाऱ्याला आत्ता खायला पाहिजे.

एक फुरसंही बघितलं, जळलेल्या कडेला दगडावर ऊन खात, गुंडाळी करून. थंडीत साप नसतात या समजावर कोणी चपला घालून गवतात जाऊ नये.

8 फेब्रुवारी

पखुर्ड्या, माळावरचे कबुतराएवढे मातकट पक्षी. सूर्य उगवून दीड-दोन तास झाले की पाण्यावर येतात, त्याच्या आधी जाऊन ओढ्यातल्या शेवटच्या डबक्याजवळ झुडपामागे बसलो. आवाज आधी येतो, हवेतच बोलत येतात. लांबच उतरल्या, बऱ्याच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या, जमिनीचा आणि त्यांचा रंग असा एक झाला की नजर हलली की हरवतात. मग एकदम पाण्याच्या काठाला, घाईने चार घोट, उडाल्या. पिल्लं असताना नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून ते पाणी पिल्लांना नेऊन पाजतो, ती पिसं पाणी धरून ठेवणारी असतात. आज कोणी पोट भिजवलं नाही, मी प्रत्येक नराकडे बघत होतो.

डोंबारी चंडोलांचे खेळ चालू झालेत. वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, आपटणार असं वाटेपर्यंत, परत वर.

15 फेब्रुवारी

ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटचा, म्हणजे जगभर एकाच वेळी होणाऱ्या पक्षीगणनेचा वीकेंड. भारतात 2013 पासून होतो. पंधरा मिनिटांची यादी पण चालते, पण दिसलेली प्रत्येक जात टाकायची, आवडती तेवढी नाही. माळाच्या प्रत्येक तुकड्याची वेगळी यादी चढवली, मुद्दाम, म्हणजे गवत, कापलेलं, जळलेलं आणि चर यांचं वेगवेगळं दिसेल. भोवत्या फक्त उभ्या गवताच्या यादीत. खरुची उभ्या गवतातही आणि बाहेरही. ओढ्याच्या यादीत तित्तर, धोबी आणि एक लावा जो पायाखालून उडाला आणि माझा श्वास घेऊन गेला.

रातथाऱ्यावर संध्याकाळी पक्षी कमी. गवत तेवढंच उभं आहे, पण आजूबाजूचं शिकारीचं गवत गेलं. नाकतोडे उभ्या गवतात पण आता रोडावलेत, मोठे तर जवळपास नाहीतच, त्यांचं आयुष्यच एवढं. त्यामुळे पक्षी कापणीने कमी झाले का नाकतोड्यांनी, ते एका हिवाळ्यात वेगळं काढता येणार नाही. कापणीच्या आधी आणि नंतरचे पेलेट मात्र वेगळे आहेत, नंतरच्यांत उंदराचे केस आणि चंडोलाची पिसं वाढलीयेत. मेनू बदलावा लागला त्यांना, एवढं नक्की म्हणता येतं.

1 मार्च

दुपारी ऊन चटका देतंय. रिंगटेल एक, तीही उंच, गोल फिरत वर वर गेली, शिकारीचा विचार दिसला नाही.

आज खरं काम बोलण्याचं होतं. रातथाऱ्याचा तुकडा ज्या दादांच्या मालकीचा आहे त्यांच्याकडे पेलेटचा डबा घेऊन गेलो. सरकारी कागदावर माळ बहुतेक ठिकाणी पडीक म्हणून लागलेला असतो आणि पडीक म्हटलं की कोणालातरी तिथे खड्डे खणून झाडं लावावीशी वाटतात. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी 1979 मध्ये अभयारण्य झालं, आज तिथं माळढोक दिसला तर बातमी होते, आणि तो पण नाकतोडे खाणारा, गवतातलाच पक्षी. हे सगळं भाषण मी घरून तयार करून नेलं होतं. ते लागलंच नाही. दादांनी डब्यातले जबडे हातावर घेतले, उन्हात धरले आणि विचारलं, "हे एवढं टोळ एका पाखरानं खाल्लं? म्हंजी माझ्या ज्वारीवरचंबी खात असंल."

म्हटलं, हो, खातच असणार.

मग सौदा ठरला. ओढ्याच्या बाजूचा पट्टा ते दरवर्षी कापतात पण पुढच्या वर्षी होळी होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, बाकीचं नेहमीसारखं. अट एकच, पट्ट्याच्या भोवतीची जाळरेषा काढायला मी आणि अजून दोघंतिघं जण जायचं, कारण उभं गवत पेटलं तर त्यांचा गोठा जवळ आहे. रास्त आहे.

पुढच्या हंगामासाठी: शीटमध्ये कापणीची तारीख हा कॉलम, तुकड्यानुसार. पेलेट महिन्याला एकदाच आणि मोजकेच उचलायचे, डब्यावर तारीख आणि तुकडा. जबड्यांच्या जोड्या लावायला कोणीतरी सोबत पाहिजे, एकट्याने डोळे जातात. आणि जाळरेषा डिसेंबर लागायच्या आत.